मुक्तस्रोत आज्ञावल्यांची उपयोजक-मंडळे : सांगली व सातारा येथील काही प्रश्न

संगणकाच्या क्षेत्रात 'ओपन सोर्स' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांना मराठीत 'मुक्तस्रोत' म्हणण्याचा प्रघात आता बराच रूढ झाला आहे. (छापील मजकुरात हा शब्द पुष्कळदा 'मुक्तस्त्रोत' असा आढळतो. 'स्रोत' हा 'स्रु' म्हणजे वाहणे ह्या धातूपासून सिद्ध झाला असून त्याच्या आरंभीच्या जोडाक्षरात 'त'ला स्थान नाही.) ज्या आज्ञावलीची मूळ संहिता वाचण्यास, बदलण्यास आणि मूळ वा बदललेल्या स्वरूपात दुसऱ्यास देण्यास कोणासही मोकळीक असते, ती मुक्तस्रोत आज्ञावली होय. एकाच परिसरातील अशा आज्ञावल्या वापरणाऱ्यांनी परस्परांच्या साहाय्यासाठी चालविलेल्या संघटनेस 'यूजर ग्रुप' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला 'उपयोजक-मंडळ' म्हटले आहे. अशी मंडळे कशी वाढतात आणि पुष्कळदा थोड्याच वर्षांत का कोमेजतात, हा प्रश्न वरकरणी अभियांत्रिकीचा वाटेल. तो बऱ्याच अंशी भाषेचा आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

उपयोजक-मंडळाची कल्पना मुक्तस्रोत चळवळीहून जुनी आहे. १९५५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात आयबीएम कंपनीचे ७०४ ह्या जातीचे संगणक घेणाऱ्या संस्थांनी 'शेअर' नावाचे मंडळ स्थापन केले. प्रत्येक संस्थेने तीच ती आज्ञावली नव्याने लिहीत बसण्यापेक्षा लिहिलेली एकमेकांस द्यावी, एवढाच त्यामागील व्यवहारी हेतू. त्या काळी आज्ञावली ही यंत्राबरोबर मिळणारी गोष्ट होती. १९६९ मध्ये आयबीएमने आज्ञावल्यांचे मोल यंत्रापासून वेगळे करण्याचे जाहीर केले आणि पुढे आज्ञावली हा विक्रीचा स्वतंत्र माल बनला. त्याविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. त्या प्रकल्पाचा सार्वजनिक परवाना १९८९ साली आला. आणि १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिहिलेला 'लिनक्स' हा गाभा पुढल्या वर्षी त्याच परवान्याखाली खुला झाला. आपल्याकडे हे लोण पोहोचले ते प्रथम तबकड्यांच्या द्वारे. 'पीसी क्वेस्ट' ह्या मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सची तबकडी देण्यास प्रारंभ केला, आणि त्या उपक्रमामागे बेळगावात अभियांत्रिकी शिकलेले अतुल चिटणीस होते. जलद आंतरजाल ज्या गावी पोहोचले नव्हते त्या गावी ह्या तबकडीचे मोल काय होते, हे आजच्या विद्यार्थ्यांस कल्पनेनेच जाणावे लागेल.

सांगलीतील उदाहरण वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. धोंडूमामा साठे ह्यांनी १९४७ साली विश्रामबाग येथे स्थापिलेले हे महाविद्यालय १९५५ पासून वालचंद हिराचंद ह्यांच्या नावाने ओळखले जाते. तेथील विद्यार्थ्यांचे 'वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप' हे मंडळ विद्यार्थीच चालवितात. 'लिनक्स डायरी', 'मेटामॉर्फोसिस' अशा नावांच्या कार्यशाळा ते घेत आले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, मोठ्या नगरांतील संगणक-व्यवसायापासून दूर, असे मंडळ उभे राहते ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि महाविद्यालयीन मंडळाच्या रचनेतच एक कठीण अट दडलेली असते. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. पदविका घेऊन आलेला विद्यार्थी तर थेट दुसऱ्या वर्षात येतो. त्याच्या वाट्यास तीनच वर्षे. पहिले वर्ष ओळखीत जाते, शेवटचे नोकरीच्या शोधात. म्हणजे जाणत्या सभासदाची मंडळास लाभणारी वर्षे एक किंवा दोन. दर चार वर्षांनी मंडळाची संपूर्ण लोकसंख्या बदलते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही परिस्थिती परिचित वाटावी. एखाद्या भाषेची प्रकृती ठरविताना आपण तिच्या भाषकांच्या संख्येपाशी थांबत नाही. २००३ साली युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने भाषेच्या चैतन्याचे जे निकष मांडले त्यांत अग्रस्थानी आहे तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे होणाऱ्या संक्रमणाचा निकष. लाखभर भाषक असलेली बोली मुलांच्या तोंडी नसेल तर ती संकटात असते; काही शेकडा लोकांची बोली मुले बोलत असतील तर ती तगून राहते. उपयोजक-मंडळासही हाच निकष लावावयास हवा. कार्यशाळेस सभागृह भरले, ही वृद्धीची खूण म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत लेखकास ती पुरेशी वाटत नाही. पहिल्या दिवशी आलेल्यांपैकी तिसऱ्या खेपेस कितीजण आले, आणि गेल्या वर्षी शिकलेल्यांपैकी यंदा शिकविण्यास कितीजण उभे राहिले, ह्या दोन संख्या कोणी मांडून ठेवील तर मंडळाचे खरे वय त्यांवरून कळेल.

ह्या संदर्भात एका शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे. इंग्रजीत 'फ्री' हा शब्द 'मोफत' आणि 'स्वतंत्र' असे दोन्ही अर्थ वाहतो. त्यामुळे होणाऱ्या घोटाळ्यास कंटाळून १९९८ साली 'ओपन सोर्स' ही संज्ञा पुढे करण्यात आली. मराठीत हा घोटाळा मुळातच नाही. 'फुकट' आणि 'मुक्त' ह्यांत कोणाची गल्लत होणार नाही. असे असूनही मंडळांच्या प्रचारात पुढे असते ते 'फुकट'च. लिनक्स फुकट, लेखनाची आज्ञावली फुकट, चित्रांची फुकट. हा प्रचार खोटा नाही, परंतु त्याने येणारा मनुष्य घेणारा म्हणून येतो आणि घेऊन जातो. मराठीत 'फुकटचे' ह्या विशेषणाभोवती जी अवहेलना आहे ती वस्तूसही चिकटते, हा आणखी एक तोटा.

ह्या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या बोलीत याहून नेमके शब्द आहेत. एकाच्या शेताचे काम निघावे म्हणून गावकऱ्यांनी आपापल्या बैलजोड्या घेऊन एक दिवस जावयाचे आणि धन्याने सर्वांस जेवू घालावयाचे, ही 'इर्जिक'. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, असा फिरता हिशेब ठेवून चालणारे काम ही 'सावड'. कोठे तिला 'पैरा' म्हणतात. लोकांनी आपापले संगणक आणावयाचे आणि जाणत्यांनी त्यांवर लिनक्स बसवून द्यावयाचे, असे जे मेळावे मंडळे भरवितात ते इर्जिकीसारखे आहेत. दिवस आनंदात जातो, काम होते, आणि मंडळी पांगतात. मंडळ टिकते ते सावडीवर. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली सुरू होऊन २००० पासून वापरात आलेल्या ग्रंथालयाच्या एका मुक्त आज्ञावलीचे नाव 'कोहा' असे आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे परतफेडीची अपेक्षा अंतर्भूत असलेली भेट. मराठी वाचकास 'आहेर' म्हटले की ही कल्पना चटकन कळेल, कारण आहेराची नोंद घरोघर ठेवली जाते.

मग प्रश्न असा येतो की सांगलीच्या वा साताऱ्याच्या मंडळाने जगाच्या ह्या सावडीत परत काय द्यावयाचे? संगणकाचा गाभा लिहिणारे तज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात निपजत नाहीत. तशी अपेक्षाही अवास्तव होईल. परंतु एक गोष्ट येथील लोकांपाशी आहे आणि ती अन्यत्र मिळणार नाही. ती म्हणजे मराठी.

मुक्त आज्ञावलीचे भाषांतर कसे होते ते थोडक्यात सांगतो. पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य एका फाईलमध्ये इंग्रजीत लिहिलेले असते. त्याखालच्या ओळीत भाषांतर भरावयाचे असते. ज्या जागी वेळोवेळी निराळा शब्द यावयाचा, तेथे टक्क्याचे चिन्ह आणि एक रोमन अक्षर असते. आज्ञावली चालताना यंत्र त्या जागी गावाचे, व्यक्तीचे वा फाईलचे नाव घालते. समजा, हवामान सांगणाऱ्या आज्ञावलीत 'अमुक ठिकाणी पाऊस' असे वाक्य आहे आणि भाषांतरकाराने रिकाम्या जागेपुढे 'मध्ये' जोडून ते पुरे केले. सांगलीच्या मनुष्याने ते तपासले, तर पडद्यावर 'सांगलीमध्ये पाऊस' असे उमटेल आणि तो समाधानाने मान डोलावील. वाईच्या मनुष्याचेही तेच होईल. साताऱ्याच्या मनुष्यास मात्र 'सातारामध्ये पाऊस' दिसेल, आणि तो म्हणेल, हे मराठी नव्हे. विट्याचा मनुष्य 'विटामध्ये' पाहून तेच म्हणेल.

कारण उघड आहे. मराठीत नामास विभक्तिप्रत्यय वा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. ईकारान्त 'सांगली'चे सामान्यरूप मूळ रूपासारखेच राहते. आकारान्त 'सातारा'चे 'साताऱ्या' होते, 'पुणे'चे 'पुण्या', 'कोल्हापूर'मधील दीर्घ ऊकार ऱ्हस्व होऊन 'कोल्हापुरात', आणि 'मिरज'चे 'मिरजेत'. इंग्रजीत नाम आणि त्यापूर्वीचे अव्यय एकमेकांस स्पर्श करीत नाहीत. म्हणून इंग्रजीत विचार करणाऱ्या आज्ञावलीकारास रिकामी जागा ही निर्धोक वस्तू वाटते. मराठीत ती निर्धोक नाही. एकाच जागी बसून कितीही काळजीपूर्वक तपासणी केली तरी हा दोष निसटू शकतो, आणि तो निसटतो की सापडतो हे तपासणाराच्या गावाच्या नावावर अवलंबून राहते. गावोगावी मंडळे असावीत ह्यास याहून सबळ पुरावा प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

विशेष म्हणजे ह्या अडचणीचे उत्तर मराठीपाशी फार पूर्वीपासून तयार आहे. सरकारी छापील अर्ज आठवावेत. त्यांतही रिकाम्या जागा असतात आणि त्यांत कोणते गाव वा कोणाचे नाव येईल हे छापणाऱ्यास ठाऊक नसते. म्हणून तेथे 'मौजे अमुक येथील राहणार', 'श्री. अमुक ह्यांस' अशी रचना असते. 'येथे', 'येथील', 'ह्यांस' ही रूपे नामाचे सामान्यरूप मागत नाहीत. 'सातारा येथे' आणि 'सांगली येथे' दोन्ही सारखीच शुद्ध. कचेरीतील ज्या मराठीची आपण रूक्ष म्हणून थट्टा करतो, तिने रिकाम्या जागेचा प्रश्न संगणक येण्यापूर्वीच सोडविला होता. भाषांतरातील 'मध्ये' काढून 'येथे' घातला की दोष जातो. बदल एका शब्दाचा. परंतु तो सुचण्यास व्याकरण जाणणारा मनुष्य हवा, आणि तो योग्य जागी कळविण्यास आज्ञावलीची घडण जाणणारा हवा. आपल्याकडे हे दोघे बहुधा निरनिराळ्या इमारतींत बसतात.

'साताऱ्यात' ह्या रूपात आणखी एक कसोटी आहे. त्यातील अर्धा र हा 'सूर्य'मधील रफारासारखा डोक्यावर जात नाही. तो पापणीच्या केसासारखा पुढल्या अक्षरास बिलगतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा, 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना', हे भेद मराठीत अर्थभेद करतात. हिंदीत तो भेद नसल्याने केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून बनविलेल्या अक्षरसंचात तो राहून जाण्याचा धोका असतो. युनिकोड ह्या जागतिक संकेतावलीत 'ऱ' ह्या वर्णास स्वतंत्र स्थान आहे. त्यास हलन्त करून पुढे 'य' वा 'ह' लिहिला की हा अर्धा र उमटावयास हवा. तेच चित्र दुसऱ्या रीतीनेही मिळते : साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांस दोन्ही एकच, यंत्रास मात्र भिन्न. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला 'साताऱ्यात' दुसऱ्या रीतीने शोधला असता सापडत नाही, असे घडू शकते. 'ल' आणि 'श' ह्यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत, हीही अशीच बाब. रेड हॅट ह्या कंपनीने २००४ साली खुले केलेले 'लोहित' अक्षरसंच मुक्त असल्याने त्यांतील अशा उणिवा कोणासही दाखविता आणि दुरुस्त करता येतात. विकत घेतलेल्या अक्षरसंचात तक्रार करून वाट पाहावी लागते. 'मुक्त' ह्या शब्दाचा अर्थ अशा ठिकाणी प्रत्यक्ष कळतो.

मंडळाच्या बोलण्याच्या भाषेसंबंधीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. ह्या भागातील पुष्कळ विद्यार्थी मराठी माध्यमातून येतात. आज्ञावल्यांच्या मार्गदर्शिका इंग्रजीत असतात. वरच्या वर्गातील विद्यार्थी त्यांतील आशय खालच्या वर्गास सांगतो तो मात्र मराठीत. 'कमांड मार', 'एरर आली', 'मशीन बूट होत नाही', 'हँग झाला' अशी ही भाषा. नाम इंग्रजी, क्रियापद मराठी, आणि परक्या नामास लिंग देण्याचे काम कोणी न शिकविता होत असते : 'एरर' स्त्रीलिंगी का झाली, ह्याचा विचार आपल्यापैकी कोणी तरी करावा. शुद्धिवाद्यांस ही बोली खटकते. परंतु नवागत पहिला प्रश्न विचारण्यास धजतो तो ह्याच बोलीत, आणि जेथे पहिला प्रश्न इंग्रजीत विचारावा लागतो तेथे तो पुष्कळदा विचारलाच जात नाही. मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने हे मर्म ओळखले आहे. तेथील लहान लहान दृक्-श्राव्य पाठांत पडदा इंग्रजीच राहतो, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळते. जाणता शिक्षक नसलेल्या गावीही हे पाठ लावून बसता येते.

छापील परिभाषेचा प्रश्न थोडा निराळा. 'फाईल'साठी 'धारिका' की 'संचिका' ह्या वादात भाषांतराचे काम रखडावे असे त्यात काही नाही. मनुष्य फाईलच म्हणतो आणि पडद्यावरही ती फाईलच असावी. उलट 'जतन करा', 'रद्द करा' ही रूपे सहज रुजली, कारण ती आधीपासून तोंडी होती. ह्या बाबतीत सातारा जिल्ह्यास एक अधिकार आहे. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला, आणि त्याचा अठरावा खंड तर केवळ परिभाषासंग्रहास वाहिलेला आहे. त्या संग्रहातील संज्ञा आणि कार्यशाळेत ऐकू येणारी बोली समोरासमोर ठेवून पाहिल्या, तर कोणत्या संज्ञा चालतील आणि कोणत्या कपाटातच राहतील ह्याचा निर्णय बैठकीतील मतांवर सोपवावा लागणार नाही.

आता महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर पाहू. २००१ पासून चालत आलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांत संगणक नेला. (त्यातील 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र राज्य, कानास दुसरे काही ऐकू येत असल्यास तो योगायोग समजावा.) पण शिकलेला मनुष्य पुढे प्रश्न घेऊन जाईल असे ठिकाण क्वचितच असते. छापखान्यांतून वर्षानुवर्षे जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसंचांत मजकूर जुळविला गेला. तो अक्षरसंच यंत्रावर नसेल तर त्या फाईलीत रोमन अक्षरांचा निरर्थक खच दिसतो. स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, गावोगावचे दिवाळी अंक असे किती मराठी ह्या रीतीने कोंडले गेले असेल! ते युनिकोडमध्ये आणून देणे हे काम मंडळाने गावात जाहीर केले, तर येणाऱ्यांस 'लिनक्स म्हणजे काय' हे समजावीत बसावे लागणार नाही. ते आपले काम घेऊन येतील. ग्रंथालयांचेही तसेच. कोहा अनेक विद्यापीठीय ग्रंथालयांत वापरात आहे. नगरवाचनालयांस ते बसवून देऊन चालविण्यास शिकविणे मंडळाच्या आवाक्यातील आहे. २०१९ च्या महापुरात ग्रंथालयांतील पुस्तके भिजलेली ज्या सांगलीने पाहिली, तिला नोंदींची एक प्रत अन्यत्र असण्याचे महत्त्व सांगावे लागू नये. आणि तेथेही भाषा पुढे येतेच : युनिकोडच्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. यंत्राने केवळ क्रमांक पाहून सूची लावली तर ती मराठी कोशाच्या क्रमाची होणार नाही, आणि हे ग्रंथपालाच्या प्रथम लक्षात येईल.

केरळात २००२ साली सुरू झालेल्या 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' ह्या मंडळाने अक्षरसंच, कळफलक व भाषांतर ह्यांचे काम हाती घेतले, आणि तेथील शाळांतही मुक्त आज्ञावल्यांचा वापर रुजला. शाळेत भेटलेली वस्तू महाविद्यालयात परकी वाटत नाही, आणि भाषेचे काम कधी संपत नसल्याने मंडळास दर वर्षी नव्या हातांची गरज राहते. आपल्याकडे एवढे राजाश्रयाचे बळ नसले तरी प्रारंभ लहान असण्यास हरकत नाही. सातारा जिल्ह्यात ११ तालुके आहेत आणि सांगलीत १०. ह्या एकवीस नावांची आणि त्यांतील मोठ्या गावांची सामान्यरूपे व अधिकरणाची रूपे तेथील माणसांच्या तोंडून टिपून घेण्याचे काम पदव्युत्तर वर्गातील दोघा-तिघांस एका सत्रात करता येईल. 'जतमध्ये' की 'जतेत', 'माणमध्ये' की 'माणात', 'फलटणला' कोठे म्हणतात आणि 'फलटणात' कोठे, ह्याचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकातून अनुमानाने काढलेले पुरणार नाही. ती यादी मुक्त परवान्याखाली अभियांत्रिकीच्या मंडळाकडे द्यावी, आणि त्यांनी ती कोणत्या आज्ञावलीत कोठे घातली ते आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याशेजारी बसून पाहावे.